पाच हजार नऊशे रुपयांचे कार्ड : कोथरूडमधल्या एका घराचा हिशेब

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "अरे, ह्यांच्या त्या क्रेडिट कार्डाचे वर्षाचे पैसे चौदा सप्टेंबरला परत लागणार आहेत. पाच हजार नऊशे. ठेवायचं की बंद करायचं, ते तू एकदा येऊन सांग, म्हणजे जेवताना रोज तोच विषय निघायचा थांबेल." मी पुण्यात करसल्लागार म्हणून काम करतो आणि विवरणपत्रांच्या दिवसांत असा प्रश्न मला निदान पाच-सहा जण तरी विचारतात. ते उठता उठता विचारतात आणि मीही "वापरत असाल तर ठेवा" असे उठता उठताच सांगून टाकतो. ताईच्या घरी मात्र वर्षभराची बारा स्टेटमेंट, कार्डाच्या अटींचे पत्रक आणि ताईची घरखर्चाची वही असे सगळेच एका टेबलावर मिळाले, आणि ते नीट वाचल्यावर माझे नेहमीचे उत्तर किती अपुरे होते हे लक्षात आले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. घरातलेच असल्यामुळे नावे आणि बँक सांगत नाही, आकडे मात्र जसेच्या तसे दिले आहेत.

घर आणि कार्ड

भाऊजी एकसष्ट वर्षांचे असून पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कार्ड अकरा वर्षे जुने आहे. सुरुवातीला ते साधे होते. मुलगी शिकायला दिल्लीला गेली तेव्हा बँकेने वरच्या श्रेणीचे कार्ड देऊ केले आणि भाऊजींनी ते घेतले. वार्षिक शुल्क ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०० रुपये. वर्षात चार लाखांचा खर्च झाला तर शुल्क माफ. दर १५० रुपयांमागे चार पॉइंट, विमानतळावरच्या लाउंजमध्ये दर तिमाहीस दोन वेळा विनामूल्य प्रवेश, आणि वर्षाचा खर्च तीन लाखांच्या वर गेला की एका कापड दुकानांच्या साखळीचे २,००० रुपयांचे व्हाउचर.

दिल्लीच्या त्या दोन वर्षांत हे कार्ड घेण्याचा निर्णय योग्यच होता, हे आधी सांगायला हवे. मुलीचे शुल्क, वसतिगृहाचे पैसे, महिन्या-दीड महिन्याला कोणाचे तरी पुणे-दिल्ली विमान, असा खर्च सहज सात लाखांच्या पुढे जात असे. शुल्क आपोआप माफ होत होते, पॉइंट साठत होते आणि पहाटेच्या विमानाआधी भाऊजींना लाउंजमध्ये नाश्ता मिळत होता. पुढे मुलीला मुंबईत नोकरी लागली. आता तिला भेटायला हे दोघे डेक्कन क्वीनने किंवा शिवनेरीने जातात. भाऊजी निवृत्त झाले. कोपऱ्यावरचा किराणा, भाजी, दूध, औषधे या सगळ्याचे पैसे क्यूआर कोडवर मोबाइलने जाऊ लागले. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडण्याची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण ती रूपे या देशी जाळ्याच्या कार्डांपुरतीच आहे आणि भाऊजींचे हे कार्ड रूपे नाही. त्यामुळे घरातला रोजचा बराचसा खर्च या कार्डावरून उतरून थेट बचत खात्यातून होऊ लागला होता, आणि हे कोणी मुद्दाम ठरवलेले नव्हते.

मधल्या काळात कार्डही पहिल्यासारखे राहिले नाही. वीज, गॅस आणि मोबाइलच्या बिलांवरचे पॉइंट बंद झाले. विम्याच्या हप्त्यावरचे बंद झाले. लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत किमान ५०,००० रुपयांचा खर्च हवा, अशी अट आली. या प्रत्येक बदलाचा ईमेल बँकेने वेळेवर पाठवला होता आणि तो भाऊजींच्या मेलपेटीत न उघडलेला पडून होता. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि अशा बदलामुळे ग्राहकाला कार्ड परत करायचे असेल तर थकबाकी भरून, जादा आकार न देता ते करता येते. हा हक्क वापरायचा तर ते ईमेल उघडून वाचावे लागतात. बँकेकडून येणाऱ्या मेलमध्ये कर्जाच्या आणि सवलतींच्या जाहिरातीच इतक्या असतात की नेमका कामाचा मेल त्यांच्यात बुडून जातो.

भाऊजींचा हिशेब

भाऊजी हिशेबी माणूस आहेत. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने आकडेमोड करूनच ठेवली होती. वर्षात मिळालेले पॉइंट ५,२१२, बँकेच्या प्रवास-आरक्षणाच्या पोर्टलवर एका पॉइंटचे ५० पैसे, म्हणून २,६०६ रुपये. कापडाचे व्हाउचर २,०००. लाउंज दोन वेळा, बाहेरच्या माणसाला तिथे साधारण १,२०० रुपये पडतात म्हणून २,४००. कार्डाने पेट्रोल भरताना लागणाऱ्या अधिभाराची माफी ४८० रुपये. एकूण ७,४८६. त्यातून शुल्काचे ५,९०० वजा केले तर १,५८६ रुपये फायदा. खाली दुहेरी रेघ मारलेली होती. "म्हणजे कार्डच आपल्याला पैसे देतंय, मग बंद कशाला करायचं?" असे त्यांचे म्हणणे होते.

शिवाय त्यांच्याकडे दुसराही एक मार्ग होता. वर्षाचा खर्च १३ सप्टेंबरपर्यंत ३,८४,००० रुपये होईल असा त्यांचा अंदाज होता, म्हणजे शुल्कमाफीला फक्त १६,००० कमी. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात १६,९९० रुपयांचे वॉशिंग मशीन ते बघून आले होते. ताईने त्यावर फक्त एवढेच विचारले, "जुन्याला काय झालंय?"

जुन्याला काहीही झालेले नव्हते. तरी मशीन क्षणभर बाजूला ठेवून आम्ही १६,००० हा आकडाच तपासला, कारण मला त्याचीच शंका होती. ३,८४,००० मध्ये दुकाने, कपडे, औषधे, हॉटेल आणि ऑनलाइन खरेदी मिळून २,१६,००० रुपये होते, दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता ६२,०००, पेट्रोल ४८,०००, वीज, गॅस आणि मोबाइल ४०,०००, आणि महापालिकेचा मिळकतकर १८,०००. पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की पेट्रोल आणि सरकारी भरणा शुल्कमाफीच्या मर्यादेत धरला जाणार नाही. ते ६६,००० काढले की मोजला जाणारा खर्च उरतो ३,१८,०००. कमी पडत होते ८२,००० रुपये. भाऊजींनी मशीन घेतले असते, शुल्क तरीही लागले असते, आणि मग ते बँकेशी भांडत बसले असते. बँकेने ते बारीक अक्षर पुढे केले असते आणि बँकेचे बरोबर ठरले असते. ॲपमध्ये दिसणारा वर्षाचा एकूण खर्च आणि शुल्कमाफीसाठी धरला जाणारा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा ग्राहक सेवेला विचारून घेतला तर सांगतात, आणि तो विचारल्याशिवाय माफीसाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तोच कागद, दुसऱ्यांदा

मग आम्ही भाऊजींच्याच कागदावर, त्यांच्याच ओळी एकेक करून पुन्हा मांडल्या. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे ठरले. हा लाभ नसता तर आपण त्यासाठी खिशातून किती पैसे दिले असते? आणि कपाटातल्या फुकटच्या कार्डावर यातले किती मिळालेच असते?

दुसरा प्रश्न घरात आजवर कोणी विचारलाच नव्हता, आणि सगळा निर्णय त्याच्यावर अवलंबून होता. भाऊजींकडे दुसऱ्या एका बँकेचे आजीवन विनाशुल्क रूपे कार्ड आहे. निवृत्तीच्या वर्षी बँकेतल्या माणसाने आग्रह केला म्हणून घेतलेले, दोनदाच वापरलेले, आणि दागिन्यांच्या पावत्यांच्या पाकिटात ठेवलेले. त्यावर खरेदीच्या एक टक्का रक्कम सरळ बिलातून वजा होते. पॉइंट नाहीत, पोर्टल नाही, काही निवडायचे नाही. पॉइंट मिळवून देणारा, दुकाने-कपडे-औषधे वगैरेंचा तो २,१६,००० रुपयांचा खर्च त्या कार्डावर केला असता तर सुमारे २,१०० रुपये परत मिळाले असते. पेट्रोलच्या अधिभाराची माफी तिथेही आहे, त्यामुळे ते ४८० रुपये दोन्ही बाजूंनी कटतात आणि भाऊजींच्या कागदावरची ती ओळ खोडावी लागते.

आता पॉइंट. १५० रुपयांना चार या दराने २,१६,००० रुपयांचे ५,७६० पॉइंट व्हायला हवेत, पण जमा झाले होते ५,२१२. फरक कुठे गेला ते शोधायला मी जुलैचे स्टेटमेंट ओळीने वाचले. औषधाच्या दुकानातले २९० रुपयांचे बिल : पॉइंट चार, म्हणजे १५० रुपयांचे, उरलेल्या १४० रुपयांचे काहीच नाही. बेकरीतले १४५ रुपये : शून्य. पादत्राणांचे ८९५ : वीस पॉइंट, वरचे १४५ पुन्हा वाया. प्रत्येक खरेदीची १५० ने भाग जाऊन उरणारी बाकी अशी सुटते, आणि लहान लहान बिले करणाऱ्या घरात ती वर्षाकाठी जवळपास दहा टक्के होते. यात फसवणूक काही नाही, पत्रकात तसे लिहिलेले आहे. परंतु जाहिरातीतला दर आणि हाती येणारा दर यांतले अंतर असेच तयार होते.

पॉइंटची किंमत हा त्यापुढचा भाग. पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल घेतले तर ५० पैसे, व्हाउचर घेतले तर ३५ पैसे, बिलात वळते केले तर २० पैसे. म्हणजे तेच ५,२१२ पॉइंट २,६०६ रुपयांचे, १,८२४ रुपयांचे किंवा १,०४२ रुपयांचे. शिवाय प्रत्येक वेळी पॉइंट वटवायला ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी. भाऊजींनी सर्वांत वरचा भाव धरला होता. ज्या घरात आता वर्षातून एखादेच विमान होते, त्या घराने हा भाव धरायचा की नाही याचा विचार करावा लागतो. पुढे आलेल्या अनुभवावरून मी तो ४५ पैसे धरतो, म्हणजे २,३४५ रुपये. तो कसा आला ते खाली येईलच.

लाउंजची ओळ खोडताना भाऊजींना वाईट वाटले, आणि मला ते समजते. मार्चच्या अखेरीस हे दोघे स्नेह्यांच्या घरच्या कार्याला दिल्लीला गेले. जाताना दोघांनाही प्रवेश मिळाला; ताईसाठी अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच खात्यावरचे दुसरे कार्ड, काढलेले होते. परतताना २ एप्रिल होता. तिमाही बदलली होती, आणि नव्या तिमाहीच्या प्रवेशासाठी जानेवारी ते मार्चचा खर्च पाहिला गेला. तो होता ४७,६००. अडीच हजारांहूनही कमी रकमेसाठी दारातल्या मुलीने कार्ड परत दिले आणि दोघे बाहेरच्या खुर्च्यांवर बसले. त्यामुळे वर्षात मिळालेले दोन प्रवेश म्हणजे त्या एका सकाळचे दोघांचे दोन. बाराशे रुपये ही त्या नाश्त्याची छापील किंमत झाली. ताईला मी विचारले, की लाउंज नसते तर काय केले असते? ती म्हणाली, "दोन चहा आणि दोन सँडविच. पाचशे रुपये झाले असते, फार तर." मग पाचशेच लिहायचे. जे आपण कधीही बाराशे देऊन घेतले नसते, ते बाराशेला मिळाले असे धरून शुल्काचे समर्थन करणे बरोबर नाही.

व्हाउचरचेही तसेच. २,००० रुपयांच्या व्हाउचरसाठी हे दोघे त्या दुकानात गेले आणि ४,७०० रुपयांचे कपडे घेऊन आले. ताईच्या वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे तिच्या अक्षरात "भाऊबीजेला चालतील" असे लिहिलेले होते, म्हणजे गरजेतून घेतलेले नव्हते. तरी काही कपडे पुढे घ्यावेच लागले असते, म्हणून व्हाउचरची किंमत दोघांच्या संमतीने एक हजार धरली.

बेरीज अशी झाली : पॉइंट २,३४५, व्हाउचर १,०००, लाउंज ५००, एकूण ३,८४५. फुकटच्या कार्डावर मिळालेच असते ते २,१०० त्यातून वजा केले की या कार्डामुळे घराला जास्तीचे मिळाले १,७४५ रुपये. त्यासाठी दिलेले शुल्क ५,९००. म्हणजे वर्षाला ४,१५५ रुपयांचा तोटा. त्याच कागदावर, त्याच स्टेटमेंटवरून आधी १,५८६ चा फायदा निघाला होता. भाऊजींची बेरीज कुठेही चुकलेली नव्हती. त्यांनी प्रत्येक गोष्टीला बँकेने लावलेली किंमत लावली होती आणि दुसरे कार्ड जणू अस्तित्वातच नाही असे धरले होते, एवढेच.

या ठिकाणी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. ताईच्या घरी कार्डाचे बिल दर महिन्याला पूर्ण भरले जाते, म्हणून हा सगळा हिशेब करण्यात अर्थ आहे. ज्या घरात बाकी पुढच्या महिन्यात जाते, तिथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, आणि त्या व्याजावरही जीएसटी. तिथे पॉइंट मोजत न बसता आधी ती बाकी फेडावी.

साठलेले पॉइंट

तोट्याचा आकडा मान्य झाल्यावरही भाऊजी बंद करायला तयार नव्हते, आणि त्यांचे खरे कारण तेव्हा बाहेर आले. दिल्लीच्या वर्षांपासूनचे मिळून ३१,४०० पॉइंट खात्यात पडून होते. "एवढे पॉइंट सोडून द्यायचे?" त्यांचा समज असा होता की पॉइंट टिकवायचे तर कार्ड टिकवावे लागेल आणि कार्ड टिकवायचे तर शुल्क भरावे लागेल. प्रत्यक्षात ते पॉइंट आधीच कमावलेले होते आणि ते आजच्या आज वटवता येत होते. येत्या चौदा तारखेचे शुल्क पुढच्या वर्षाचे होते. मागच्या पॉइंटशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट ते साठवून ठेवण्यात धोका होता, कारण जुन्या पॉइंटांची मुदत संपत येत होती आणि बँक पॉइंटचा भाव बदलू शकते, हे आतापर्यंतच्या ईमेलांवरून दिसतच होते.

ते कशात वटवायचे यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली. बिलात वळते केले तर ६,२८०, किराण्याची व्हाउचर घेतली तर १०,९९०, विमानात १५,७००. डिसेंबरमध्ये केरळला जायचे हे मे महिन्यातच ठरले होते, म्हणजे तिकिटे काढायचीच होती. पॉइंट आहेत म्हणून प्रवास काढलेला नव्हता. पुणे-कोची जाण्यायेण्याची दोघांची तिकिटे विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर २१,६०० रुपयांना दिसत होती. बँकेच्या पोर्टलवर तीच विमाने, त्याच वेळा, सुविधा शुल्क धरून २३,१५० रुपयांना. पोर्टलवर भाड्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच पॉइंट वापरता येतात, पण १५,७०० त्या मर्यादेत बसत होते. रोख द्यावे लागले ७,४५० आणि पॉइंट वटवण्याचे ११७. म्हणजे २१,६०० च्या तिकिटांवर वाचले १४,०३३. भागाकार केला तर एका पॉइंटला पावणेपंचेचाळीस पैसे पडले, आणि वरच्या हिशेबातले ४५ पैसे इथून आले. व्हाउचरपेक्षा तरीही तीन हजारांनी बरे. पोर्टलचा भाव आणि बाहेरचा भाव शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पॉइंटची किंमत सांगता येत नाही, हे मला या निमित्ताने स्वतःला शिकायला मिळाले. २७ ऑगस्टला रात्री तिकिटे काढली.

बंद करायचे की उतरवायचे

यानंतर कार्ड सरळ बंद करावे असे माझ्या मनात होते. ते मी बदलले, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले म्हणजे केरळची तिकिटे. प्रवास रद्द झाला तर पॉइंट ज्या कार्डावरून गेले त्यावरच परत येतात. कार्ड बंद असेल तर ते कुठे जमा होणार?

दुसरे, सिबिलचा अहवाल, म्हणजे कर्ज देणारे बघतात तो आपल्या उधारीचा लेखाजोखा. मुलगी पुढच्या वर्षी मुंबईत घर घेण्याच्या विचारात आहे आणि भाऊजी सहकर्जदार होणार आहेत. या कार्डाची मर्यादा ४,५०,००० आणि दुसऱ्याची १,२०,०००. महिन्याचा सरासरी वापर ३२,०००. दोन्ही कार्डे असताना हा वापर एकूण मर्यादेच्या सहा टक्क्यांहूनही कमी. मोठे कार्ड बंद केले की तोच खर्च उरलेल्या मर्यादेच्या सत्तावीस टक्क्यांच्या घरात जातो. खर्च न वाढताही कर्ज देणाऱ्याला हा माणूस मर्यादेच्या जास्त जवळ गेल्यासारखा दिसतो. त्यात अकरा वर्षे जुने, एकही हप्ता न चुकलेले खाते बंद पडणार. एरवी मी या गोष्टीला फार महत्त्व देत नाही. ज्यांना कर्ज काढायचेच नाही त्यांनी सिबिलच्या भीतीने दरवर्षी शुल्क भरत राहणे मला पटत नाही. इथे मात्र कर्ज समोर दिसत होते.

तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते आणि निवृत्त माणसांच्या बाबतीत ते सहसा कोणी सांगत नाही. नोकरीत असताना कार्ड मागावे लागत नाही, बँकच फोन करते. निवृत्तीनंतर उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगारपत्रक नसते, आणि मग पुष्कळदा मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घ्या असे सांगितले जाते. साडेचार लाखांची मर्यादा भाऊजींना आज नव्याने मिळणे अवघड आहे. रात्री-अपरात्री रुग्णालयात अनामत भरायची वेळ आली तर ती मर्यादा उपयोगी पडेल, ही ताईची चिंता होती आणि ती रास्त होती.

म्हणून शुल्क असलेले कार्ड त्याच बँकेच्या विनाशुल्क श्रेणीत उतरवून घ्यायचे ठरले. खाते तेच, मर्यादा तीच, शुल्क नाही. पॉइंट आधी वटवले ते बरे झाले, कारण खालच्या श्रेणीत एका पॉइंटला २५ पैसेच मिळतात.

२९ ऑगस्टला भाऊजींनी ग्राहक सेवेला फोन केला. पहिल्या माणसाने असे करता येत नाही म्हणून सांगितले. मग भाऊजींनी, ठरल्याप्रमाणे, कार्ड बंद करण्याची प्रक्रिया विचारली. त्याबरोबर फोन दुसरीकडे गेला आणि तिथून निम्मे शुल्क माफ करण्याचा प्रस्ताव आला. निम्मे म्हणजे जीएसटीसह २,९५०. जास्तीचा लाभ १,७४५. तोटा कमी झाला, संपला नाही. तो नाकारल्यावर पुढचा प्रस्ताव आला : शुल्क भरा, नव्वद दिवसांत ९०,००० खर्च करा, मग ते पूर्ण परत करू. हा प्रस्ताव विचार करण्यासारखा होता. विम्याचा हप्ता ऑक्टोबरमध्ये येत असता तर मी घ्या म्हटले असते. पण तो जुलैतच भरून झाला होता, आणि दिवाळी धरूनही त्या तीन महिन्यांचा खर्च पासष्ट हजारांच्या पुढे जात नव्हता. वरचे पंचवीस हजार कुठून आणायचे, तर पुन्हा वॉशिंग मशीन. भाऊजी स्वतःच फोनवर "नको" म्हणाले. तेव्हा कुठे श्रेणी बदलण्याची विनंती नोंदवून घेतली गेली. मी त्यांना लगेच ईमेलवर लेखी उत्तर मागायला लावले, त्यात मर्यादा तीच राहील आणि परत आलेले पॉइंट जमा होतील हेही लिहून घेतले.

बंद करण्याचाच आग्रह धरावा लागला असता तर नियम ग्राहकाच्या बाजूने पुरेसे स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घालून दिलेल्या नियमानुसार, थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. विनंती ईमेलने, फोनने, ॲपवरून कशीही करता येते, टपालाने पत्र पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. श्रेणी बदलण्याला मात्र अशी मुदत नाही, आणि तिथेच आम्ही अडकलो.

बदल व्हायला अकरा कामकाजाचे दिवस लागले. तोवर १४ तारीख उलटली आणि सप्टेंबरच्या स्टेटमेंटवर शुल्काची ओळ आलीच : ५,०००, आणि तिच्या खाली ९००. भाऊजी फार अस्वस्थ झाले. २९ ऑगस्टच्या विनंतीचा क्रमांक आणि लेखी उत्तर हाताशी असल्यामुळे तक्रार एका परिच्छेदात लिहिता आली. बिल मात्र शुल्कासकट पूर्ण भरायला मी त्यांना सांगितले. वादाची रक्कम मागे ठेवली आणि तक्रार लांबली तर व्याज आणि विलंब आकार यांचे नवे भांडण उभे राहते, आणि तीस दिवसांत समाधान झाले नसते तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा रस्ता होताच. नऊ दिवसांनी ५,००० रुपये खात्यावर जमा झाले. जीएसटीचे ९०० आले नव्हते. मूळ शुल्कच परत केले तर त्यावरचा कर कशाचा, असे विचारणारा दुसरा ईमेल पाठवावा लागला, आणि ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर ते ९०० वजा झालेले दिसले.

आता रूपे कार्ड भाऊजींच्या मोबाइलमध्ये यूपीआयला जोडलेले आहे. किराणा दुकानाच्या आणि औषधवाल्याच्या क्यूआरवर ते चालते. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर दुकानाच्या नव्हे तर त्यांच्या वैयक्तिक खात्याचा असल्यामुळे तिथे चालत नाही, तिथे पूर्वीसारखेच बचत खात्यातून पैसे जातात. जुन्या कार्डावर लावलेल्या आपोआप कपाती, म्हणजे दोन मोबाइल, वीज आणि ताईचे मालिकांचे एक वर्गणीखाते, एकेक करून रूपे कार्डावर हलवल्या. विनाशुल्क झालेल्या जुन्या कार्डावर महिन्याला एकदा पेट्रोल भरले जाते, कारण वर्षभर न वापरलेले कार्ड बँक तीस दिवसांची सूचना देऊन बंद करू शकते. ताईने वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही कार्डांची नावे, बिलाच्या तारखा आणि विम्याच्या हप्त्याचा महिना लिहून ठेवला आहे, आणि तिथेच खाली तिकिटांचा क्रमांक आहे : पुणे-कोची, दोन जण.